संत्र्याची साल आणि कॅन्सरचा दावा

[कळमना मार्केट. संत्र्याचे ढीग, बोली सुरू.]

डिसेंबर. नागपूरच्या कळमन्यात आंबिया बहाराचा संत्रा उतरतोय. साल दुमडली की बारीक तुषार उडतो, डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो. हे सालीतलं सुगंधी तेल. त्याचा बहुतेक भाग एकाच द्रव्याचा असतो: लिमोनिन.

लिमोनिननं कॅन्सर बरा होतो, असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात. ते निव्वळ थापा असते तर सोपं होतं.

[प्रयोगशाळा. काचेच्या बशीत पेशी.]

लिमोनिन, लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल... बशीतल्या कॅन्सरपेशी यांनी मरतात. खरं सांगायचं तर बशीत पेशी मारणं फार अवघड नाही. ही द्रव्यं पेशीच्या स्निग्ध आवरणात शिरून ते विस्कटतात. निरोगी पेशीचं आवरणही स्निग्धच असतं!

अमेरिकेत, विस्कॉन्सिन विद्यापीठात, मायकेल गूल्ड यांच्या गटानं उंदरांना लिमोनिन खाऊ घातलं, तेव्हा स्तनाच्या गाठी आक्रसल्या. गंमत म्हणजे याच लिमोनिननं नर उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी झाल्याचंही आढळलं. त्यामागचं प्रथिन माणसात नसतं, म्हणून ती भीती मागे पडली. मग उंदरातला फायदा तरी माणसाला जसाच्या तसा कसा लावायचा?

[आकडे पडद्यावर.]

कॅन्सर बळावलेल्या 32 रुग्णांवरची लिमोनिनची चाचणी 1998 साली प्रसिद्ध झाली. स्तनाच्या कॅन्सरच्या एका रुग्णाची गाठ लहान झाली आणि 11 महिने तशीच राहिली. त्यानंतर अशाच 10 जणींना लिमोनिन दिलं. एकीचीही गाठ कमी झाली नाही.

2013 चा अभ्यास जास्त बारकाईचा. शस्त्रक्रियेआधी 43 स्त्रियांनी दोन ते सहा आठवडे रोज 2 ग्रॅम लिमोनिन घेतलं. ते स्तनाच्या चरबीत भरपूर साठलं. पेशींच्या विभाजनाला चालना देणारं सायक्लिन डी-1 हे प्रथिन गाठीत 22 टक्क्यांनी घटलं. पण पेशींची वाढ आणि मरण दाखवणाऱ्या खुणा फारशा हलल्या नाहीत. तुलनेसाठी औषध न घेतलेला गटही नव्हता.

[दुकान. अत्तराशेजारी तेलाच्या बाटल्या.]

दुकानातली ही बाटली वासाची आहे, पिण्याची नाही. उघडी राहिली की हवेनं लिमोनिन बदलतं आणि कातडीवर पुरळ उठवू शकतं. घरात कुणाची किमो सुरू असेल आणि ते असं काही घेत असतील, तर पुढच्या तपासणीला बाटलीच सोबत न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. संत्रा मात्र खुशाल खा.