आबांचा माग

(पहाट. चुलीवर पातेलं, वाफ.)

पातेल्यात रटरटतंय ते पिठलं नव्हे, चिंचोके आहेत. आबांनी ते भाजले, टरफलं काढली, भिजत घातले आणि आज पहाटे वाटून चुलीवर चढवले. आता त्यांची खळ होईल.

(गल्ली. ताणा.)

हातकणंगले तालुक्यातलं गाव. गल्लीत या खुंट्यापासून त्या खुंट्यापर्यंत घोंगडीचा ताणा, म्हणजे काळ्या लोकरीचे उभे दोरे, पसरलाय. मोटारसायकलवाला खाली उतरून गाडी ढकलत नेतो, हॉर्न वाजवत नाही. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला सूनबाई. खळीत बुडवलेला कुंचा ताण्यावरून फिरतो, परत फिरतो. हातानं कातलेली लोकर अंगानं भुसभुशीत, ओढ बसली की तुटते. खळ प्यायली की दोरा कडक होतो, मागावर टिकतो. खळ पातळ झाली तर दोरे तुटणार, दाट झाली तर एकमेकांना चिकटणार. माप कुठलं नाही. आबा दोन बोटांत चोळून बघतात आणि आणखी तांब्याभर पाणी ओततात.

(आबा मागाच्या खड्ड्यात.)

आबा ८२ वर्षांचे, घोंगडी विणणाऱ्या सनगर समाजातले. हा खड्डा त्यांच्या पणजोबांनी खणला. आजोबा पावसाळ्याच्या तोंडावर घोंगड्यांचा बोजा घेऊन घाट उतरायचे. कोकणात भातलावणीला डोक्यावर घोंगडीची खोळ लागायची. येताना पाठीवर तांदूळ. आजी, आई, आत्या सगळ्या चरख्यावर. घरात रंगाचा डबा कधी आलाच नाही. काळी, पांढरी, करडी, मेंढीच्या अंगावर असेल तोच रंग. कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर ती जावळ, तिची घोंगडी घरात वेगळी ठेवायची.

आजोबांच्याच काळात, १९०४ साली, शेजारच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला. या घरानं त्याची धास्ती घेतली नाही. यंत्राला सूत लागतं, ही भरड लोकर त्याच्या कामाची नाही.

(माळ. कळप.)

घोंगडी कुणी घेत नाही म्हणून माग बंद पडले, असं सगळे सांगतात. आम्हाला ते अर्धंच पटतं. हा कळप नीट बघा. बुटक्या, काळ्या, लोकरीनं भरलेल्या मेंढ्या दख्खनी. आणि त्या उंच, पोपटासारख्या बाकदार नाकाच्या? त्या माडग्याळी, मूळ जत तालुक्यातल्या. त्यांच्या कोकराला बाजारात चांगला भाव येतो. अंगावर लोकर नावालाच. मेंढपाळाला दोष कसा द्यायचा? लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही. कातरलेली लोकर बांधाला पडून राहते, तीही आपण बघतोय. सरकारी योजनांच्या कागदावर विणकर दिसतो, ही काळी मेंढी क्वचितच.

आबांची दोन्ही मुलं इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला जातात.

(धोटा. फणीचा ठोका. काही वेळ निवेदन नाही.)

(यात्रा. भंडारा.)

आश्विनात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा. ढोल, छत्र्या आणि नजर पोचेल तिथवर पिवळं. भंडाऱ्याबरोबर इथं खारीक-खोबरं उधळतात, आणि बाळलोकरही. गर्दी पुढं सरकते. आबा मागं राहतात, वाकतात, पायाशी पडलेला लोकरीचा पुंजका उचलतात. भंडारा फुंकून टाकतात आणि दोन बोटांत चोळून बघतात, दख्खनी आहे का.