तोंडओळखीची माणसं

[दृश्य : टाइप केलेली जुनी प्रश्नावली. समासात पेन्सिलीच्या खुणा.]

"या नोकरीबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं? मित्राने?"

"मित्र नाही हो. नुसती तोंडओळख आहे."

१९७० च्या सुमारास, अमेरिकेतल्या बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात एक संशोधक घरोघरी जाऊन हा प्रश्न विचारत होता. त्याचं नाव मार्क ग्रॅनोव्हेटर. हार्वर्ड विद्यापीठात डॉक्टरेट करत होता. ज्यांनी नुकतीच नोकरी बदलली आहे अशा तंत्रज्ञ, व्यावसायिक आणि व्यवस्थापकांना तो गाठायचा आणि नोकरीची बातमी कुठून लागली ते खोदून विचारायचा. बातमी माणसाकडूनच कळली असं अनेकजण सांगायचे. पण त्या माणसाला हा "मित्र" म्हणाला, की समोरचा लगेच दुरुस्ती करायचा. मित्र नाही, ओळखीचा.

दुरुस्ती इतक्यांदा झाली, की ग्रॅनोव्हेटरने तीच मोजायला घेतली. ज्याने नोकरीची खबर दिली तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटायचा? आठवड्यातून निदान दोनदा, असं सांगणारे १६.७ टक्के निघाले. वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी, असं सांगणारे २७.८ टक्के. उरलेले ५५.६ टक्के मधले, म्हणजे अधूनमधून भेट होणारे. रोजच्या उठण्याबसण्यातली माणसं यादीत सगळ्यात खाली होती.

१९७३ साली यावरचा त्याचा निबंध छापून आला. त्याआधी त्याचा पहिला खर्डा एका नामांकित नियतकालिकाने साभार परत केला होता. पुढे समाजशास्त्रात सर्वाधिक उद्धृत झालेल्या निबंधांत त्याची गणना झाली.

[दृश्य : कागदावर ठिपके. काही दाट पुंजक्यात, काही दूर. दोन पुंजक्यांना जोडणारी एकच रेघ.]

कारण साधं आहे. जिवाभावाचा मित्र तुमच्यासाठी धावपळ करेल, रात्री बारा वाजता फोन उचलेल; पण त्याला जे माहीत असतं ते बहुतेक तुम्हालाही आधीच माहीत असतं. तुम्ही दोघं त्याच माणसांत वावरता, त्याच बातम्या ऐकता. दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात शेजारी बसलेला माणूस मात्र रोज वेगळ्या लोकांत असतो. तिथे कुठली जागा निघतेय, कुणाला पुरवठादार हवाय, कोण भागीदार शोधतंय, हे त्याला सहज कळतं. तुमच्यापर्यंत ते यायला एरवी वाटच नसते.

ग्रॅनोव्हेटरच्या नोंदींत आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते या सगळ्या विषयाची मेख तिथेच आहे. खबर देणारा माणूस बऱ्याचदा जुन्या नोकरीतला सहकारी किंवा आधीचा साहेब असायचा. मधल्या काळात संपर्क तुटलेला. मग कुठेतरी अचानक गाठ पडायची, किंवा दोघांच्या ओळखीचा तिसरा कुणी विषय काढायचा, आणि थंड पडलेली ओळख जागी व्हायची. म्हणजे गाडी अडायची ती योगायोगापाशी. त्या रस्त्याने त्या दिवशी गेला नसतात, तर नोकरी दुसऱ्या कुणाला.

[दृश्य : जुना संगणक. पडद्यावर नावं आणि त्यांच्यापुढे हुद्दे.]

हा योगायोग यंत्राने घडवून आणायचा धंदा ५ मे २००३ रोजी उघडला. रीड हॉफमन आणि त्याच्या साथीदारांनी लिंक्डइन हे नोकरी-व्यवसायातल्या ओळखींचं संकेतस्थळ सुरू केलं ते स्वतःच्याच ओळखीच्यांना आमंत्रणं धाडून. पहिला महिना संपला तेव्हा सभासद होते साडेचार हजार. सुरुवातीला काही दिवस तर असे गेले, की दिवसभरात वीसेक माणसं आली. त्याच वर्षी जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये पुढे झिंग या नावाने ओळखलं गेलेलं असंच एक व्यासपीठ उभं राहिलं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लिंक्डइन विकत घ्यायचं जाहीर केलं, ते २६.२ अब्ज डॉलरला. ओळखीच्यांच्या पत्त्यांची नोंदवही तीच, फक्त त्यातला माणूस स्वतःचा पत्ता आणि हुद्दा स्वतःच अद्ययावत ठेवतो. एवढ्यासाठी इतके पैसे का मोजले, हे ग्रॅनोव्हेटर वाचलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

तोंडओळखीचा सिद्धांत खरा की नुसता ऐकायला बरा, याची मोठी परीक्षाही इथेच झाली. "तुम्ही यांना ओळखत असाल" म्हणून जी नावं समोर येतात, त्यांच्या निवडीत लिंक्डइनने काही वर्षं फेरफार करून पाहिले. काहींना जवळची नावं जास्त दाखवली, काहींना लांबची. पाच वर्षं, दोन कोटी माणसं. या काळात दोन अब्ज नव्या ओळखी झाल्या आणि सहा लाख नोकऱ्या बदलल्या गेल्या. निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. लांबच्या ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडतात, हे ठरलं. मात्र एक पुरवणी जोडावी लागली. अगदीच परका माणूस फारसा कामाचा नाही. थोड्याफार सामायिक ओळखी असलेला, मधल्या अंतरावरचा माणूस सर्वांत उपयोगी. आणि ज्या क्षेत्रांत काम फारसं संगणकावर चालत नाही, तिथे अजूनही घट्ट नात्यांचंच पारडं जड.

त्या दोन कोटींना आपण प्रयोगात आहोत हे कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. यावरून वाद झाला, आणि तो होणं योग्यच होतं. कुणाला कोण दिसावं हे ठरवणारा, कुणाला कुठली नोकरी दिसावी हेही थोडंफार ठरवत असतो.

[दृश्य : मोबाइलचा पडदा. न उघडलेल्या संदेशांची रांग.]

आता एक गोष्ट जरा तपशिलाने. ब्रायन ॲक्टन आणि यान कूम हे दोघं याहू या इंटरनेट कंपनीत सहकारी होते. २००७ मध्ये दोघांनी नोकरी सोडली. २००९ मध्ये ॲक्टनने फेसबुककडे नोकरी मागितली, ती मिळाली नाही. ट्विटरनेही नकार दिला. हे त्याने लपवलं नाही. ट्विटरवरच जाहीर लिहिलं, की नकार आला, पण छान माणसं भेटली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत कूमने एक कंपनी नोंदवली. डोक्यात कल्पना होती. आयफोनवर ती उतरवणारा प्रोग्रामर नव्हता. एका मित्राने रशियातल्या एका प्रोग्रामरशी गाठ घालून दिली. मित्राला तो सापडला होता सुटी कामं देणाऱ्या एका संकेतस्थळावर. म्हणजे साधन ऑनलाइन, पण "हा माणूस बरा आहे" हा शब्द मित्राचा. ॲप आलं तेव्हा ते सारखं बंद पडायचं. वापरणारे मूठभर, आणि त्यातले बरेच त्या मित्राच्याच गोतावळ्यातले. कूम कंटाळला, दुसरीकडे नोकरी बघू म्हणाला. आणखी थोडे महिने कळ काढ, असं सांगणारा ॲक्टनच होता. जूनमध्ये ॲपलने सूचना थेट फोनवर पाठवायची सोय खुली केली आणि त्या ॲपचं रूपांतर निरोप धाडण्याच्या साधनात झालं. ऑक्टोबरात ॲक्टनने याहूतल्या पाच जुन्या सहकाऱ्यांकडून अडीच लाख डॉलरचं भांडवल उभं केलं. त्या ॲपचं नाव व्हॉट्सॲप. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते विकत घेतल्याची घोषणा झाली, सुमारे १९ अब्ज डॉलरला. घेणारी कंपनी फेसबुक.

ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगितली जाते. आम्हाला तिच्यातली वेगवेगळी माणसं दिसतात. प्रोग्रामर मिळाला तो मित्राच्या ओळखीतून. भांडवल आलं जुन्या कचेरीतून. आणि धीर द्यायला जवळचा माणूस लागला, तोंडओळखीचा चालला नसता.

[दृश्य : संदेश टाइप होतोय. पुसला जातोय. पुन्हा टाइप होतोय.]

साधनं आता सगळ्यांकडे आहेत. प्रोफाइल आहे, फोटो आहे, पाचशेवर जोडण्या आहेत. मग अडतं कुठे? बहुतेक वेळा या अशा संदेशात :

"नमस्कार सर, मी सध्या नोकरीच्या शोधात आहे. काही असेल तर नक्की कळवा. सोबत बायोडेटा जोडत आहे."

यात चूक काही नाही, आणि तरी याला उत्तर येतं ते फक्त "हो, नक्की". कारण सगळं काम समोरच्यावर टाकलंय. कसली नोकरी, कुठल्या पातळीची, मी कुणाला विचारू, तुझ्याबद्दल काय सांगू, हे सगळं त्यानेच शोधायचं. तो दिवसभराच्या धबडग्यात ते करणार नाही. वाईट माणूस आहे म्हणून नव्हे. कुठून सुरुवात करायची तेच त्याला कळत नाही.

आता हा बघा :

"चार वर्षांपूर्वी आपण एकाच प्रकल्पावर होतो, मी चाचणीच्या टीममध्ये होतो. तुमच्या कंपनीत डेटा विश्लेषकाची जागा निघाली आहे. तिथे रोजचं काम अहवाल बनवण्याचं जास्त की ग्राहकांशी बोलण्याचं, एवढंच विचारायचं होतं. या आठवड्यात फोनवर पंधरा मिनिटं देता येतील का?"

ओळख कुठली ते पहिल्याच वाक्यात आलं. मागणं इतकं लहान आहे, की नाही म्हणायला जीव होत नाही. फोनवर बोलणं झालं, की बऱ्याचदा समोरचाच म्हणतो, "बायोडेटा पाठवून ठेव, मी पुढे देतो." आणि कुणाशी ओळख करून द्या असं सांगायचं असेल, तर जसाच्या तसा पुढे ढकलता येईल असा चार ओळींचा मजकूर वेगळा लिहून द्यावा. मधल्या माणसाला तो फक्त फॉरवर्ड करायचा असला, की दोन मिनिटांत होतो. त्यालाच लिहायला लावलं, की राहतो.

विचारायला लाजणाऱ्यांसाठी एक संशोधन आहे. फ्रँक फ्लिन आणि व्हनेसा लेक या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं, की अनोळखी लोकांकडे मदत मागायची म्हटली, की किती जणांना विचारावं लागेल याचा आपण धरतो तो अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट असतो. माणसं आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ जास्त वेळा हो म्हणतात. मात्र याच व्हनेसा, आता बोन्स या आडनावाने, २०१७ मध्ये दुसरी बाजू घेऊन आल्या. तीच विनंती, तेच शब्द. अर्ध्यांनी समोर उभं राहून विचारलं, अर्ध्यांनी ईमेलने. समोरासमोर विचारण्याला ३४ पट यश आलं. ईमेल पाठवणाऱ्यांना मात्र आपलंही तितकंच चालेल अशी खात्री होती. ऑनलाइनवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. संदेश भेट ठरवण्यापुरता. काम भेटीत किंवा निदान फोनवर.

[दृश्य : बातमीगटावरचा साधा मजकूर, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.]

ज्याच्या ओळखीच नाहीत त्याने काय करायचं? २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधल्या हेलसिंकीतल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने इंटरनेटवरच्या एका बातमीगटात, म्हणजे चर्चेच्या जाहीर फळ्यावर, लिहिलं, की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, बनवतोय. तुम्ही वापरता त्या मिनिक्स नावाच्या सिस्टिममधलं काय आवडतं आणि काय आवडत नाही, ते सांगा. त्याचं नाव लिनस टोरवाल्ड्स. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांशी त्याची ओळख नव्हती. पण प्रश्न नेमका होता, आणि थोड्याच दिवसांत काम सगळ्यांना बघता आलं. त्यातून लिनक्स उभं राहिलं, आणि १९९७ मध्ये तो अमेरिकेत नोकरीला गेला. आपलं काम चव्हाट्यावर मांडणं हा बिनओळखीच्या माणसाचा सर्वांत भरवशाचा रस्ता आहे असं आमचं मत आहे. धंदेवाल्यालाही तेच लागू. गटागटांतून रोज माहितीपत्रक फेकण्यापेक्षा पूर्ण झालेल्या एका कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो, खाली त्या गिऱ्हाइकाच्या दोन ओळी. त्या ओळी मागायच्या त्या काम हातावेगळं झालं त्याच दिवशी. महिन्याने मागितल्या, तर तोच खूश माणूस टाळाटाळ करतो.

ओळखीने नोकरी म्हटलं की नाकं मुरडली जातात, आणि त्यात तथ्य आहे. २०१५ मध्ये नऊ मोठ्या कंपन्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कर्मचाऱ्यांच्या शिफारशीने आलेल्यांना नोकरी मिळण्याची शक्यता जास्त दिसली, आणि ते नोकरी सोडूनही कमी जातात. कंपनीला हे सोयीचं. पण माणूस बहुधा आपल्यासारख्याचीच शिफारस करतो. त्यामुळे त्या वर्तुळाबाहेरचा, कितीही लायक असला, तरी दारातच राहतो. जागा उघडपणे जाहीर करणं हा त्यावरचा निम्मा तरी उतारा. आणि ओळख दाखवून नोंदणी शुल्क मागणारा "भरती अधिकारी" भेटला, तर तिथेच थांबावं. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही.

[दृश्य : फोनमधली संपर्कांची यादी खाली सरकतेय.]

इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने फोन करायचा, ही धास्ती मोठमोठ्या पदांवरच्यांनाही असते. डॅनियल लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनुभवी अधिकाऱ्यांना सांगितलं, की किमान तीन वर्षं संपर्क नसलेल्यांना गाठा आणि हातातल्या कामाबद्दल सल्ला विचारा. अनेकांनी आधी कुरकुर केली. मग आलेला सल्ला चालू संपर्कांकडून मिळालेल्या सल्ल्याच्या तोडीस तोड निघाला, आणि बऱ्याचदा त्यात नवं काही जास्त होतं.

अशा फोनच्या आधी चार दिवस ख्यालीखुशाली विचारायची आणि मग हळूच मुद्द्यावर यायचं, असा सल्ला देणारे आहेत. आम्हाला तो पटत नाही. समोरच्याला दुसऱ्याच निरोपाला अंदाज येतो आणि तिसऱ्यापासून तो तुमचे शब्द संशयाने वाचू लागतो. काम आहे हे पहिल्याच ओळीत सांगून टाकावं. नंतर जे होईल तेही कळवावं. मुलाखत झाली, जागा दुसऱ्याला गेली, काहीही. शब्द टाकणाऱ्या माणसाला पुढे काय झालं हे क्वचितच कुणी सांगतं. ज्याने सांगितलं, त्याचं नाव पुढची जागा निघाली की त्याला आधी आठवतं.