सुरतेच्या गाडीत पाहिलेला चित्रपट

नमस्कार श्रोतेहो.

आज मी आपल्याशी एका अशा चित्रपटाविषयी बोलणार आहे, जो १० नोव्हेंबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला आणि ज्याची म्हणावी तेवढी दखल कोणी घेतली नाही. चित्रपटाचे नाव 'करीब करीब सिंगल'. दिग्दर्शिका तनुजा चंद्रा. प्रमुख भूमिकांत इरफान खान आणि मल्याळम चित्रपटसृष्टीतून पहिल्यांदाच हिंदीत आलेली अभिनेत्री पार्वती. त्याच वर्षी इरफान यांचा 'हिंदी मीडियम' सर्वत्र गाजला होता, आणि त्या यशाच्या सावलीत हा दुसरा, शांत स्वभावाचा चित्रपट झाकला गेला. आपल्या जळगाव-धुळ्याकडे तो कधी आला आणि कधी गेला, हे पुष्कळांना कळलेही नाही.

कथा थोडक्यात सांगतो. जया ही मुंबईत विमा कंपनीत नोकरी करणारी, पस्तिशीतली विधवा स्त्री आहे. घर नीटनेटके, काम चोख, आणि आयुष्य एका जागी थांबलेले. जोडीदार शोधण्याच्या एका संकेतस्थळावरून तिची योगी नावाच्या माणसाशी भेट होते. योगी भडक रंगांचे कपडे घालणारा, कविता करणारा, कोणाशीही गप्पा मारू शकणारा आणि कशाचाही राग न धरणारा गृहस्थ आहे. त्याचे म्हणणे असे की, त्याच्या आयुष्यात पूर्वी येऊन गेलेल्या तिघी जणी अजूनही त्याच्या आठवणीने उसासे टाकत असतील. त्या खरोखर उसासे टाकतात का, हे पाहायला दोघे निघतात. ऋषिकेश, मग राजस्थान, मग थेट सिक्कीममधले गंगटोक. शेवट मी सांगणार नाही.

प्रवासात जुळणाऱ्या प्रेमाची हलकीफुलकी गोष्ट हा प्रकार जुना आहे. १९३४ साली फ्रँक काप्रा या दिग्दर्शकाने 'इट हॅपन्ड वन नाइट' केला. तो करणारी कोलंबिया ही कंपनी तेव्हा हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांत मोडत नव्हती, आणि ज्या कथेवरून तो घेतला तिचे नावच 'नाइट बस' असे होते. त्या चित्रपटाला ऑस्करची पाचही मुख्य पारितोषिके मिळाली. त्याच कथेच्या वळणावर आपल्याकडे १९५६ मध्ये राज कपूर आणि नर्गिस यांचा 'चोरी चोरी' आला आणि १९९१ मध्ये 'दिल है के मानता नहीं'. म्हणजे या प्रकाराचा जन्मच मुळी साध्या प्रवासी बसमध्ये, गर्दीत, अवघडून बसलेल्या माणसांत झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याचे कारणही तसेच आहे. माणूस बैठकीच्या खोलीत जसा दिसतो तसा प्रवासात राहत नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगा आणि मुलगी दोघेही जपून बोलतात, आणि तासाभरात आयुष्याचा निर्णय होतो. पण त्याच दोघांना एका गाडीत बसवा, गाडी उशिरा येऊ द्या, जेवण वेळेवर न मिळू द्या, मग कोण चिडतो, कोण पाणी आधी दुसऱ्यापुढे धरतो आणि कोण खिडकीची जागा सोडतो, हे आपोआप उघडे पडते. आपल्याकडचे भरिताचे वांगे वरून कितीही तुकतुकीत दिसले, तरी काड्यांच्या जाळावर चहूबाजूंनी फिरल्याशिवाय त्याच्या आतली चव कळत नाही, तसेच हे आहे. प्रवास माणसाला उघडे करतो, श्रोतेहो. आणि 'करीब करीब सिंगल' हा चित्रपट एवढ्या एकाच गोष्टीवर विश्वास टाकून उभा आहे.

आता मला आपल्याला जो प्रसंग सांगायचा आहे, तो या चित्रपटापेक्षाही माझ्या जवळचा आहे.

मी जळगावहून सुरतेला निघालो होतो. भुसावळ-सुरत मार्गावरची दिवसाची गाडी, साधा डबा. येथे एक सांगून ठेवतो की, या मार्गाने जायचे तर दिवसा आणि उघड्या खिडकीनेच जावे, कारण वातानुकूलित डब्याच्या बंद काचेतून ना कपाशीचे शेत धड दिसते, ना समोरच्या माणसाशी बोलणे होते. असो. अमळनेर सोडल्यावर मी मोबाइलवर आधीच उतरवून घेतलेला हा चित्रपट लावला आणि कानात वायरी घातल्या.

माझ्या समोर दोन बाया बसल्या होत्या. सुरतेला, उधन्याला, थोरलीच्या लेकीला मुलगा झाला होता आणि त्या नातवाला पाहायला निघाल्या होत्या. पायाशी दोन पिशव्या. एकीत कळण्याचे, म्हणजे ज्वारी-उडदाचे पीठ आणि दुसरीत, फुटू नयेत म्हणून जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड. थोरली माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. मी कशाला तरी हसलो, तेव्हा तिला राहवले नाही. ती म्हणाली, "भाऊ, एकलाच काय हसी राह्यना? आमले बी दखाड ना."

मला क्षणभर संकोच वाटला, पण मी वायरी काढल्या, मोबाइल खिडकीखालच्या फळीवर पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि आवाज मोठा केला. नरडाणा येईपर्यंत आमच्या बाकांभोवती डब्यातले एक लहानसे चित्रपटगृह तयार झाले होते. सुरतेच्या कापड कारखान्यात काम करणारा एक तरुण उभ्याने पाहत होता. एक कॉलेजची मुलगी वरच्या बाकावरून वाकून पाहत होती. आणि कडेला धोतर-टोपीतले एक निवृत्त गुरुजी बसले होते, जे वर्तमानपत्र तोंडापुढे धरून, पण वर्तमानपत्राच्या वरून, सगळे पाहत होते.

हिंदी सगळ्यांनाच समजत होते असे नाही. जे समजत नव्हते ते तो तरुण अहिराणीत सांगत होता, आणि सांगताना स्वतःच्या पदरचे दोन शब्द घालत होता. योगीचे कपडे पाहून दोघी बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पण जया त्याच्याबरोबर परगावी निघते म्हटल्यावर गुरुजींनी वर्तमानपत्र खाली ठेवले. नवरा गेलेली बाई, घरात कोणाला न सांगता, काल भेटलेल्या माणसाबरोबर फिरायला निघते, हे काही बरे नव्हे, असे त्यांनी स्पष्ट, शांत शब्दांत सांगितले. कोणी काही बोलले नाही. खेड्यापाड्यात गुरुजींचा शब्द अजूनही खाली पडत नाही.

तेव्हा ती थोरली बोलली. तिचे कपाळ मोकळे होते, हे माझ्या तोवर लक्षात आले नव्हते. ती मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली, "ती सोताना पैसा कमाडस, गुरुजी. मंग कोणले काय इचारानं?"

श्रोतेहो, या चित्रपटावर मी काही परीक्षणे वाचली आहेत. जयाच्या व्यक्तिरेखेचे मर्म इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेले मला त्यांपैकी एकातही आढळले नाही. जया घाबरते, मागे फिरावेसे वाटते तिला, ती चिडते. पण ती कोणाच्या ताब्यात नाही. ती स्वतः कमावते आणि स्वतः ठरवते. पार्वतीने ही भूमिका करताना तोंडाने फारसे काही सांगितलेले नाही. योगीच्या अखंड बडबडीपुढे ती नुसती ओठ मिटून बघते, आणि त्या बघण्यात 'हा माणूस खोटा आहे की फक्त मोकळा आहे' असा हिशेब चाललेला दिसतो. आमच्या डब्यातल्या त्या बाईने तो हिशेब बरोबर वाचला होता.

शिंदखेडा गेले, दोंडाईचा गेले. थोरलीने एक बिबडी काढून तिचे तुकडे सगळ्यांच्या हातावर ठेवले. मध्येच तिने मला विचारले, हे गंगटोक कुठे आले? मी सांगितले की, ते पार ईशान्येला, हिमालयात आहे. तिथवर रेल्वे जात नाही, न्यू जलपायगुडीला उतरायचे आणि पुढे डोंगरातून मोटारीने जायचे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग धाकटीला म्हणाली की, मालक गेल्यापासून आपण गाडीत बसलो ते कोणाच्या लग्नाला, नाही तर कोणाच्या दहाव्याला. नुसते पाहायला म्हणून कुठे गेलोच नाही. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. बाजारातला भाव सांगावा तशा आवाजात सांगितले, आणि धाकटीने मान हलवली.

नंदुरबार जवळ आले, हवेत मिरचीचा खाट जाणवू लागला आणि दोनजण ठसकले. गुरुजींना नंदुरबारलाच उतरायचे होते. त्यांनी पिशवी घेतली, छत्री घेतली, टोपी नीट केली आणि ते जागचे हलले नाहीत. पडद्यावर दोघांचे मोठे भांडण चालू होते. गाडी थांबली, माणसे चढली-उतरली, त्या तरुणाने आठवण केली तेव्हा कुठे गुरुजी उतरले. पण उतरून ते फाटकाकडे गेले नाहीत. फलाटावरून चालत आमच्या खिडकीशी आले, गजांना हात लावून उभे राहिले आणि आत वाकून विचारू लागले, "पुढे काय झाले? बोलते का ती त्याच्याशी?"

थोरलीने आतून उत्तर दिले की, अजून नाही, अजून भांडणच चालू आहे.

गाडी सुटली. गुरुजी खिडकीबरोबर चार पावले चालले आणि गजांवरचा हात सुटता सुटता म्हणाले, "त्याला म्हणावे, आधी चूक कबूल कर." वरच्या बाकावरची मुलगी इतकी हसली की, तिची ओढणी खाली माझ्या डोक्यावर पडली. ज्या गृहस्थांना अमळनेर-नरडाण्याच्या दरम्यान या बाईचे निघणेच मान्य नव्हते, ते नंदुरबारला तिच्या बाजूने सल्ला देत होते. मधल्या वेळात कोणी त्यांच्याशी वाद घातला नव्हता, कोणी त्यांना समजावले नव्हते. ते फक्त त्या दोघांबरोबर काही स्टेशने आले होते.

चित्रपट संपला तेव्हा नवापूर आले होते. आपल्यापैकी अनेकांना ठाऊकच आहे की, नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. एकाच फलाटावर राज्याची हद्द ओलांडता येते. थोरलीने मला चित्रपटाचे नाव पुन्हा विचारले आणि त्या तरुणाकडून स्वतःच्या मोबाइलमध्ये लिहून घेतले. लेकीला दाखवायचे आहे, म्हणाली.

हा प्रसंग मी लांबवला, याचे कारण हे की, या चित्रपटाचे आकर्षण मला त्या डब्यात जसे कळले तसे एकट्याने पाहताना कळले नव्हते. एरवी अशा गोष्टींत प्रेमिक वीस-बावीस वर्षांचे असतात आणि त्यांच्या आड कोणी तरी वडीलधारे उभे असते. येथे दोघेही मोठे आहेत, दोघांचीही आयुष्ये एकदा होऊन गेली आहेत, आणि त्यांच्या आड त्यांची स्वतःची सवयच तेवढी उभी आहे. इरफान यांनी योगीला विदूषक केलेले नाही. त्याच्या गमतीखाली एकटेपण आहे, पण ते त्यांनी पुढे करून मिरवलेले नाही. २९ एप्रिल २०२० रोजी इरफान गेले, तेव्हा त्यांच्या थोर भूमिकांच्या याद्या सर्वत्र निघाल्या. त्यांत योगीचे नाव मला क्वचितच दिसले आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटले. 'दुश्मन' आणि 'संघर्ष' यांसारखे अंगावर काटा आणणारे चित्रपट करणाऱ्या तनुजा चंद्रा यांनी हा इतका निवांत चित्रपट केला, हेही कोणी फारसे बोलून दाखवले नाही.

आणि आता आकाशवाणीच्या श्रोत्यांना मुद्दाम सांगण्यासारखी एक गोष्ट. या चित्रपटाची मूळ कथा दिग्दर्शिकेच्या आई, कामना चंद्रा यांची. 'प्रेम रोग', 'चांदनी' आणि '१९४२: अ लव्ह स्टोरी' या चित्रपटांशी लेखिका म्हणून ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्याच या कामना चंद्रा. त्यांनी ही गोष्ट पूर्वी रेडिओसाठी श्रुतिका म्हणून लिहिली होती. हो, श्रोतेहो, श्रुतिका म्हणून. डोळ्यांपुढे ऋषिकेश नाही, गंगटोक नाही, डोंगर नाहीत. फक्त आवाज, आणि ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहणारा प्रवास. पुढे मुलीने त्याच गोष्टीला रस्ते, गाड्या आणि गावे दिली.

श्रुतिका हा प्रकार आपण फार लवकर हातचा सोडला, असे माझे ठाम मत आहे. आपल्या खानदेशात लिहिणारे पुष्कळ आहेत आणि अहिराणीत दोन माणसांच्या बोलण्यातली जी गोडी आहे, तिला चित्राची गरजच पडत नाही. भुसावळला गाडीत बसलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या दोन अनोळखी माणसांची अर्ध्या तासाची श्रुतिका कोणी अहिराणीत लिहिली, तर ती वाचायला आणि जमल्यास तिच्यातल्या गुरुजींचा आवाज द्यायला मी आनंदाने तयार आहे. तोवर 'करीब करीब सिंगल' पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून पाहा, आणि वायरी न लावता पाहा.

नमस्कार.