कपडे किती वाजता वाळतात?

मंडळी, २०११च्या जनगणनेत एक प्रश्न होता. घराची स्थिती कशी: चांगली, राहण्याजोगी की मोडकळीला आलेली? तीनच पर्याय. देशातल्या निम्म्याहून थोड्या अधिक कुटुंबांची घरं 'चांगली' निघाली. मोडकळीला आलेली निघाली जेमतेम पाच टक्के. मी हातोडी घेऊन मुंबईतल्या इमारती तपासत हिंडलेला माणूस. तो आकडा वाचून मला हसू आलं होतं. आज तितकंसं येत नाही. का, ते सांगतो.

गिरगावातली एक चाळ. गॅलरीच्या तुळया वाळवीनं खाल्लेल्या, जिन्याच्या पायऱ्या एका बाजूला झुकलेल्या. गिलाव्यावर हातोडी मारली की पोकळ आवाज येई. महापालिकेच्या प्रतवारीत सर्वांत वर सी-१: अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करा. मग सी-२ अ, सी-२ ब, आणि शेवटी किरकोळ दुरुस्तीची सी-३. ही चाळ सी-१ ठरण्याबद्दल मला शंका नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या खोलीत मधोमध टेकू उभा. त्याला एका बाजूनं कपड्यांची दोरी बांधलेली, दुसऱ्या बाजूला खिळा ठोकून कॅलेंडर. मी म्हटलं, आजी, हे धोक्याचं आहे. त्या म्हणाल्या, "टेकू लावला त्याला बावीस वर्षं झाली. एकदा तरी हलला का?"

आम्ही सगळे हसलो. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, खोली सोडली की भाड्याची पावती चालू राहते का हो?"

म्हणजे त्यांना टेकू दिसत नव्हता असं नाही. त्या पावतीकडे बघत होत्या आणि मी भिंतीकडे. संक्रमण शिबिरात, म्हणजे नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, गेलेली माणसं तीस-तीस वर्षं तिथंच अडकलेली त्यांनी पाहिली होती. पावती म्हणजे खोलीवरचा हक्क; ती गेली तर भिंत असून नसून सारखीच.

पण आजींच्या बाजूनं टाळ्या वाजवू नका. भेंडीबाजारची हुसेनी इमारत २०११मध्येच धोकादायक ठरली होती, तरी माणसं तिथं राहत होती. ३१ ऑगस्ट २०१७च्या सकाळी ती कोसळली आणि ३३ जण गेले. तिथं हातोडीच खरी ठरली.

आता नव्या घरांकडे वळू. झोपडपट्टी पुनर्वसनाचं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९, पुढे ३००. कागदावर बघाल तर नाव ठेवायला जागा नाही: पक्की भिंत, लाद्या, आत संडास, नळ. यातली संडासाची गोष्ट मोठी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. मानखुर्दला एक बाई मला म्हणाल्या, "रात्री डबा घेऊन जायची भीती गेली, एवढं झालं तरी पुरे होतं." पुरे होतं. पुढचं वाक्य त्यांनी खाली बघत म्हटलं: "पण कपडे वाळत नाहीत हो."

मला वाटलं, ही गृहिणीची कुरकुर. खिडकीशी गेलो. समोरच्या इमारतीची भिंत जवळजवळ हाताला लागेल अशी. भर दुपारी बारा वाजता घरात ट्यूबलाइट. त्या भागातल्या पुनर्वसन वसाहतींत काही ठिकाणी दोन इमारतींत अंतर तीनच मीटरचं आहे, आणि नियमांत सवलत देऊन ते मंजूर झालेलं आहे. त्यात बेकायदा काही नाही, हेच तर दुखणं. पुढे डॉक्टर आणि आयआयटीच्या लोकांनी मिळून मानखुर्द-गोवंडीच्या एम-पूर्व विभागातल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला. दाटीवाटीच्या इमारतींत, विशेषतः खालच्या मजल्यांवर, ऊन-वारा किती कमी पोचतो आणि त्याचा क्षयरोगाशी कसा संबंध दिसतो, हे त्यांनी मांडलं. त्या बाईंनी तेच आपल्या मापानं सांगितलं होतं. माझ्या तपासणीच्या फॉर्ममध्ये त्या मापाला रकाना नव्हता.

वरळीच्या बीडीडी चाळींचं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळींच्या पुनर्विकासाचं, थोडक्यात सांगतो. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर. कुणाला नको असेल? तरी रहिवाशांचे प्रश्न वेगळेच: लिफ्टचं बिल कोण भरणार, देखभालीचा महिन्याचा खर्च किती. चौरस फुटांचा हिशोब अधिकाऱ्याला एकदाच मांडावा लागतो, देखभालीचा रहिवाशांना दर महिन्याला.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या पाहणीत मी माझ्या वहीत एक रकाना वाढवला: कपडे किती वाजता वाळतात. सातव्या मजल्यावर उत्तर आलं, "अकरापर्यंत." तिसऱ्यावर, "चारला, पावसाळ्यात नाहीच." तळमजल्यावर एका पोरानं सांगितलं, "आम्ही पंख्याखाली घालतो."

ऑफिसात टंकलेखन करणाऱ्या मुलीनं वही बघून विचारलं, "सर, हे कुठल्या रकान्यात भरू?"

मी म्हटलं, शेऱ्यात घाल.