नाव, जन्मगाव आणि ३० सप्टेंबर

(आखातातून परतलेल्या कुटुंबांसमोर रत्नागिरीत केलेलं भाषण. लेखासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच एक विचारते. तुमचा स्वतःचा किंवा तुमच्या मुलाबाळांचा जन्म कुवेत, मस्कत, दुबई, बहारीन, दोहा, असा कुठे झालाय त्यांनी जरा हात वर करा. बघा, निम्मं सभागृह झालं. आता ज्यांचे हात वर आहेत त्यांच्यासाठीच मी आज बोलणार आहे.

अमेरिकेच्या डायव्हर्सिटी व्हिसाबद्दल, म्हणजे आपण जिला ग्रीन कार्डची, अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याची, लॉटरी म्हणतो तिच्याबद्दल, आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं: ‘ती भारतीयांना नाही.’ हे अर्धंच खरं आहे. १९९० च्या कायद्याने ही योजना आली. ज्या देशांमधून अमेरिकेत कमी लोक स्थायिक होतात त्यांच्यासाठी वर्षाला जास्तीत जास्त ५५ हजार व्हिसा ठेवले गेले. मागच्या पाच वर्षांत ज्या देशातून ५० हजारांहून जास्त लोक तिकडे स्थायिक झाले, तो देश बाद. म्हणून भारत बाद. पण तिथे मोजला जातो तो तुमचा जन्म कुठे झाला हे. पासपोर्ट कुठला, याला त्यात जागा नाही. माझी एक मैत्रीण मडगावची. आजोबांमुळे तिला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं आणि तिने हौसेने अर्ज भरला. पोर्तुगाल पात्र देशांत आहे, पण तिचा जन्म मडगावचा, म्हणजे भारतातला. त्या अर्जाचा काही उपयोग झाला नाही. आणि मी, भारताचा पासपोर्ट असलेली, रत्नागिरीत शिकलेली मुलगी, पात्र ठरले, कारण माझा जन्म १९८६ मध्ये कुवेतला झाला.

जोडीदाराच्या जन्मस्थानावरही अर्ज करता येतो, हे अजून कमी जणांना ठाऊक असतं. नवरा सांगलीचा आणि बायको मस्कतला जन्मलेली असेल, तर नवरा स्वतःच्या नावानेही अर्ज भरू शकतो. अट एवढीच की अर्जात दोघांची नावं हवीत, आणि व्हिसा घेऊन दोघांनी एकत्र जायला हवं.

आता तुमच्यातले काही म्हणतील, ताई, ही योजना तर बंद केली ना? बरोबर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या मंत्र्यांनी ती थांबवत असल्याचं जाहीर केलं. मग आज बोलायचं कशाला? याचं उत्तर २०२० मध्ये आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये कोविडचं कारण देऊन असेच व्हिसा थांबवले गेले. निवड झालेले हजारो लोक ताटकळले. प्रकरण वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेलं आणि ४ सप्टेंबरला न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की त्या वर्षीच्या अर्जांवर काम सुरू करा. पण या व्हिसाचं वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. त्या रात्री बारानंतर निवडपत्राला किंमत उरत नाही, पुढच्या वर्षी ते चालत नाही. म्हणजे हातात राहिले सव्वीस दिवस. एवढ्या दिवसांत कुवेतहून कागद मागवणं, नावातली चूक दुरुस्त करणं, वैद्यकीय तपासणी हे सगळं नव्याने करायला कोण धावणार? ज्यांची फाईल आधीच तयार होती त्यांना तरी संधी होती. म्हणून मी म्हणते, दार बंद असतानाच कागद नीट करावेत.

माझी फाईल खरं तर माझ्या बाबांनी तयार केली, आणि तीही लॉटरीचं नावसुद्धा माहीत नसताना. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा मी चार वर्षांची होते. त्या दोन-अडीच महिन्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना तिथून आणलं, बहुतेकांना अम्मानमार्गे. आम्हीही तसेच आलो. भांडी, टीव्ही, आईची शिवणाची मशीन, सगळं तिथेच राहिलं. बाबांनी बरोबर घेतलं ते बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मावेल तेवढं: पासपोर्ट, आईबाबांच्या लग्नाचा दाखला आणि माझा अरबीत लिहिलेला जन्मदाखला. पंचवीस वर्षांनी त्या अरबी कागदावर माझं सगळं अवलंबून राहिलं.

२०१४ च्या शरद ऋतूत मी अर्ज भरला, २०१५ च्या मे महिन्यात निवड कळली. कळली म्हणजे, मी स्वतः जाऊन पाहिली. हे नीट ऐका. निवड झाल्याची ईमेल येत नाही. अर्ज भरल्यावर जो पावती क्रमांक मिळतो तो सरकारी संकेतस्थळावर टाकून आपणच पाहायचं असतं. ‘तुमची निवड झाली, पैसे भरा’ असा निरोप आला, तर तो फसवणुकीचाच. मुलाखतीचं शुल्क माणशी ३३० डॉलर आहे आणि ते वकिलातीत, मुलाखतीच्या दिवशी भरायचं असतं. त्याआधी कोणी हे शुल्क मागत असेल तर सरळ फोन ठेवा. आणि पावती क्रमांक दोन ठिकाणी लिहून ठेवा, तो फक्त एजंटाच्या हातात राहिला तर तुमचं भविष्य त्याच्या खिशात.

निवड म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसा जेवढे असतात त्याहून पुष्कळ जास्त लोक निवडले जातात. तुमच्या क्रमांकाची पाळी आली तरच मुलाखतीची तारीख मिळते. त्यासाठी डीएस-२६० हा लांबलचक फॉर्म ऑनलाईन भरावा लागतो, आणि तिथून खरं काम सुरू होतं.

आता तो अरबी दाखला. अरबीत ‘प’ नाही आणि ‘व’ चा आपला उच्चारही नाही. माझं माहेरचं नाव पल्लवी पवार. कुवेतच्या कारकुनाने ते अरबीत लिहिलं तेव्हा ‘प’ चा ‘ब’ झाला आणि ‘पल्लवी’तल्या ‘व’ चा ‘फ’. मुंबईत मी तो एका भाषांतरकाराकडे दिला, त्यांनी प्रामाणिकपणे वाचलं आणि इंग्रजीत लिहून दिलं: बल्लफी बवार. पासपोर्टवर पल्लवी, दाखल्यावर बल्लफी. मी तो कागद हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. चूक त्यांची नव्हती, तरी त्या कागदावर मी नव्हतेच.

तोडगा सोपा निघाला, पण तो मला कोणी सांगितला नव्हता, म्हणून तुम्हाला सांगते. भाषांतर करून घेताना पासपोर्टची प्रत बरोबर द्यायची. नावाचं लिप्यंतर पासपोर्टप्रमाणे करून, मूळ अरबीतला उच्चार असा का दिसतो याची टीप भाषांतरकाराने सहीनिशी जोडायची. आणि जोडीला दुसरा पुरावा. पूर्वी लहान मुलांची नावं आईच्या पासपोर्टात लिहिलेली असायची, आठवतं का काकू? आईचा तो जुना, कोपरा कापून रद्द केलेला पासपोर्ट बाबांच्या डब्यात निघाला. त्यात माझं नाव, जन्मतारीख आणि ‘कुवेत’ स्पष्ट लिहिलेलं. जुने पासपोर्ट फेकू नका. भारतीय दूतावासात मुलाच्या जन्माची नोंद केली असेल तर तो कागदही जपा.

नावांचा गुंता इथे संपत नाही. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं आणि कित्येक घरांत पहिलं नावही. माझी आई माहेरची शालिनी, सासरची सुनंदा. शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं. माझ्या वेळी मी आडनाव बदललं नव्हतं म्हणून निभावलं. पण ज्यांनी बदललंय, त्यांनी लग्नाचा नोंदणी दाखला काढून ठेवावा. पत्रिका आणि कार्यालयातले फोटो आठवणीला ठीक, वकिलातीला नाही. पहिलं नावही बदललं असेल तर शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. आधी लग्न होऊन घटस्फोट झाला असेल किंवा जोडीदार वारला असेल, तर तो हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखलाही लागतो. हे लपवावं असं वाटणं मी समजू शकते, पण लपवू नका.

मुलांचे जन्मदाखले पाहा, आज घरी गेल्यावरच पाहा. आपल्याकडे बाळाची नोंद इस्पितळातून लगेच होते आणि बारसं बाराव्या दिवशी. त्यामुळे दाखल्यावर नावाची जागा रिकामीच राहते. माझी मुलगी जानेवारी २०१५ मध्ये झाली, अर्ज भरल्यानंतर, म्हणून तिला पुढे जोडता आलं. पण तिच्या दाखल्यावर नावाच्या जागी नुसती रेघ होती! नगरपरिषदेत जाऊन नाव घालून घ्यावं लागलं. पहिल्या वर्षात ते सहज होतं, त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून करता येतं. अर्ज भरताना मात्र जी मुलं हयात आहेत, एकवीस वर्षांखालची आणि अविवाहित आहेत, त्या सगळ्यांची नावं द्यावीच लागतात, मग ती तुमच्याबरोबर येणार असोत वा नसोत. एक मूल वगळलं तर अख्ख्या घराचा अर्ज जातो. नवराबायकोचं पटत नाही, वेगळे राहतात, म्हणून नाव टाकलं नाही, असंही चालत नाही.

बाकी कागदांबद्दल थोडक्यात. मुख्य अर्जदाराचं बारावीपर्यंतचं शिक्षण हवं, नुसती दहावी पुरत नाही. बारावी नसेल तर मागच्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव हवा, तोही ज्या कामाला निदान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं अशा कामाचा. गुणपत्रिका हरवली असेल तर बोर्डाच्या विभागीय कार्यालयातून दुसरी प्रत मिळते. पोलिसांचा दाखला भारताचा, तो पासपोर्ट सेवा केंद्रातून. शिवाय सोळाव्या वर्षानंतर ज्या ज्या परदेशात वर्षभर किंवा जास्त राहिलात तिथला. मी चौथ्या वर्षीच कुवेत सोडलं म्हणून मला तिथला लागला नाही. माझा नवरा दोह्याला तीन वर्षं नोकरीला होता, त्याला कतारचा लागला, आणि आमच्या फाईलमध्ये सगळ्यात उशिरा आलेला कागद तोच.

पण आमची झोप उडवली ती वैद्यकीय तपासणीने. ती वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांचा छातीचा एक्स-रे काढतात. माझ्या नवऱ्याला लहानपणी क्षय झाला होता, उपचार पूर्ण झाले होते, तो धडधाकट आहे. एक्स-रेत जुना व्रण दिसला. मग तीन दिवस लागोपाठ सकाळी थुंकीचे नमुने, आणि त्यांच्या कल्चरचा, म्हणजे त्यात क्षयाचे जंतू वाढतात का ते पाहण्याच्या चाचणीचा, अहवाल यायला आठ आठवडे. तपासणी जुलैच्या मध्यावर झालेली. तुम्हीच हिशेब करा: आठ आठवडे म्हणजे सप्टेंबरचा मध्य. ज्यांना पूर्वी क्षय झालाय त्यांनी जुने एक्स-रे, औषधांचे कागद, बरं झाल्याचं पत्र बरोबर न्यावं. आणि मुलाखतीची तारीख कळली त्याच आठवड्यात तपासणीची वेळ घ्यावी. लसींचं कार्डही न्या, नाहीतर घेतलेल्याच लसी पुन्हा टोचून घ्याव्या लागतील.

मुलाखत ऑगस्टमध्ये, मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. आदल्या रात्री माझ्या दिराने माझ्याकडून प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली, ‘आम्ही परत येणार आहोत असं ठासून सांग’. तो स्वतः टुरिस्ट व्हिसाला गेला होता, तिथे हेच सांगावं लागतं. इथे उलट आहे! तुम्ही कायम राहायलाच चाललात, हे त्यांना माहीत आहे, तसाच हा व्हिसा आहे. परत येण्याच्या खोट्या गोष्टी रचू नका.

खिडकीपाशी उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घ्यावी लागते. बोटांचे ठसे घेतात. मग अधिकारी बाईंनी विचारलं, जन्म कुठे झाला, कुवेत कधी आणि का सोडलं, लग्न कधी झालं, तिकडे कुणाकडे उतरणार, काय काम करणार. त्यांनी जन्मदाखला आणि आईचा जुना पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून वाचला. भाषांतरकाराची टीप वाचली. मान हलवली. दहा मिनिटंही लागली नाहीत. शेवटी एक छापील चिठ्ठी दिली: वैद्यकीय अहवाल बाकी, तोवर अर्ज प्रलंबित. अशी चिठ्ठी म्हणजे कायमचा नकार नव्हे. काय बाकी आहे ते तिच्यावर लिहिलेलं असतं, तेवढं पूर्ण करायचं.

अहवाल १६ सप्टेंबरला आला, निर्दोष. पासपोर्ट हातात पडले तेव्हा महिना संपायला पाच दिवस होते. त्या दिवशी बाबांना फोन केला तर ते काहीच बोलले नाहीत, फक्त म्हणाले, डबा परत आणून ठेव.

एका गोष्टीबद्दल मला कडकच बोलायचंय. निवड झाली की सल्ले देणारे येतात: अनुभवाचं पत्र बनवून देतो, मुलीचं वय थोडं कमी दाखवू, भाच्याशी कागदोपत्री लग्न लावू. निवडीनंतर लग्न करणं गुन्हा नाही, खरं लग्न असेल तर. पण खोटा कागद सापडला तर फक्त हाच व्हिसा जात नाही, अमेरिकेची दारं जन्मभरासाठी बंद होऊ शकतात, आणि मुलाचं शिक्षण, मुलीचं बाळंतपण, कशालाच मग जाता येत नाही. आपल्या लोकांची अशी फसगत झालेली मी पाहिली आहे. त्यांना सल्ला देणारा त्यांच्याबरोबर खिडकीपाशी उभा नव्हता.

तो पत्र्याचा डबा मी आज आणलाय, मागच्या टेबलावर ठेवलाय, अरबी दाखला आणि त्याचं भाषांतर दोन्ही त्यात आहेत. ज्यांनी मुलांचे आखाती दाखले बरोबर आणलेत त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे या. पाटील, पेडणेकर, पाटणकर, पालकर, परकार, तुम्ही आधी या, तुमचा ‘प’ पहिल्यांदा पाहू. आणि पासपोर्टची प्रत आणायला विसरला असाल तर मोबाईलवरचा फोटोही चालेल.