वेझरच्या गाळातलं कॉग

[दृश्य: वेझर नदीचं रुंद पात्र, ओहोटीची वेळ]

८ ऑक्टोबर १९६२. उत्तर जर्मनीतलं ब्रेमेन बंदर. नदीत गाळ उपसण्याचं काम चालू असताना यंत्राला लाकूड लागलं. पाणी उतरत गेलं तसा काठाच्या गाळातून एका मोठ्या जहाजाचा सांगाडा दिसू लागला. उंच बाजू, जाडजूड फळ्या आणि फळ्यांतून बाहेर आलेली तुळयांची टोकं.

ब्रेमेनच्या फोके संग्रहालयातले कला-इतिहासकार सीगफ्रीड फ्लीडनर तिथे पोहोचले आणि त्यांनी जहाज ओळखलं. जहाजाचा हा आकार त्यांना माहीत होता तो जुन्या शहरांच्या शिक्क्यांवरून. श्ट्रालझुंड शहराच्या १३२९ सालच्या शिक्क्यावर असंच जहाज कोरलेलं आहे. याचं नाव कॉग. हान्झा या व्यापारी शहरांच्या संघाचा माल याच जहाजांतून फिरायचा. ल्यूनेबुर्गचं मीठ, नॉर्वेची सुकी मासळी, धान्य, बिअर. कागदपत्रांत कॉगचे उल्लेख जागोजागी होते, पण ते बांधायचे कसे हे दाखवेल असं धड जहाज तोवर हाती आलं नव्हतं.

[दृश्य: ओकच्या ओंडक्याचा कापलेला भाग, वाढीची वलयं]

लाकडातल्या वलयांनी साल सांगितलं. हे ओक १३७८च्या सुमारास तोडलेले आहेत आणि जहाज १३८०च्या आसपासचं आहे. झाडं ब्रेमेनजवळची नाहीत. ती नदीच्या वरच्या अंगाला, दूरच्या डोंगराळ रानात वाढली होती. तिथून ओंडके वेझरच्या प्रवाहाबरोबर खाली आले. बंदराला लाकूड पुरवणारी वाट नदीच होती.

आता बांधणी पाहू, आणि जरा जवळून पाहू.

तळाच्या फळ्या कडेला कड भिडवून सपाट बसवल्या आहेत. बाजू मात्र वेगळ्या. तिथे प्रत्येक फळी शेजारच्या फळीवर कौलासारखी चढवलेली आहे. जिथे दोन फळ्या एकमेकींवर येतात, तिथे लोखंडी खिळा आरपार ठोकला. मग त्याचं बाहेर आलेलं टोक वाकवून, पुन्हा वळवून लाकडातच रुतवलं. असा खिळा सहजी सुटत नाही.

[दृश्य: सांध्याचं जवळचं चित्रण]

पण पाणी खिळ्यानं थांबत नाही. त्यासाठी सांध्यात शेवाळ ठासून भरलं, त्यावर लाकडाची बारीक पट्टी बसवली आणि ती पट्टी लोखंडी चिमट्यांनी दाबून धरली. एकापुढे एक, ओळीनं, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका जहाजाला असे हजारो चिमटे लागत. म्हणजे सुतारांच्या जोडीला लोहारही कामाला जुंपलेले असणार. त्याच शतकात आपल्या अरबी समुद्रात जहाजांच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या जात होत्या. भारत आणि येमेनची जहाजं काथ्यानं शिवतात, हे त्या काळचा प्रवासी इब्न बतूता यानं लिहून ठेवलं आहे. दोन समुद्रांवरच्या कारागिरांपुढे सवाल एकच होता आणि दोघांनीही तो आपापल्या मुलखातल्या जिनसांनी सोडवला.

मला या जहाजात सर्वांत मोलाच्या वाटतात त्या त्याच्या उणिवा. डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नाही. जिथे फळी तडकली, तिथे ती टाकून न देता ठिगळ लावून दुरुस्त केली आहे. ओकची लांब-रुंद फळी म्हणजे मोठी दौलत. कागदावर आखलेला नकाशा समोर नाही, माप डोळ्यात आणि हातात. या ठिगळांतून त्या माणसांचा विचार आजही वाचता येतो.

आणि हे जहाज पुरतं तयार झालंच नव्हतं. मागचा उंच मनोरा अर्धवट होता. आत सुतारकामाची हत्यारं सापडली, डांबराचं पिंप सापडलं. काम चालू असतानाच बहुधा पुरानं जहाज काठावरून ओढून नेलं आणि ते पुढे नदीच्या गाळात रुतलं. मालकाचं नुकसान किती झालं असेल! पण बांधणीच्या खुणा इतक्या स्पष्ट राहिल्या त्या यामुळेच. समुद्रावर झिजायची वेळच या लाकडावर आली नाही.

[दृश्य: ब्रेमरहाफेनचं जर्मन सागरी संग्रहालय]

नदीतून दोन हजारांहून अधिक तुकडे वर काढले गेले. ओलं लाकूड वाळलं की आकसतं, तडकतं, म्हणून ते पाण्यातच ठेवलं. १९७२ ते १९७९ या काळात जहाजबांधणीचे जाणकार वेर्नर लान यांनी दमट, धुकट दालनात एकेक तुकडा जुळवला. मग आख्खं जहाज रासायनिक द्रावणाच्या प्रचंड टाकीत अनेक वर्षं बुडवून ठेवलं. २००० साली ते लोकांसाठी खुलं झालं. लांबी २३ मीटरच्या वर, रुंदी साडेसात मीटरहून थोडी जास्त.

[दृश्य: शीड उभारलेली प्रतिकृती]

याच मोजमापांवरून पुढे कील शहरात आणि ब्रेमरहाफेनमध्ये कॉग नव्यानं बांधली गेली. एक डोलकाठी, एक चौकोनी शीड. पाठीमागून वारा असला की भरल्या पोटाचं हे जहाज छान चालतं. वारा समोरून आला की मात्र पुढे सरकणं फार कठीण. म्हणून माल भरून, दोर आवळून तयार असलेली जहाजंही अनुकूल वारा सुटेपर्यंत बंदरातच थांबून राहायची.