काउंटरमागे गेलेली सर्दीची गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

चोंदलेले नाक मोकळे करणारी स्यूडोएफेड्रीनची गोळी अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. मात्र ती घेताना छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते आणि नाव, पत्ता, वेळ यांची नोंद होऊन सही करावी लागते. कारण याच द्रव्यापासून मेथॅम्फेटामाइन हा अमली पदार्थ तयार केला जात असे. 2004 मध्ये असे बेकायदा अड्डे सापडल्याच्या 20,000हून अधिक घटना नोंदल्या गेल्या. त्यांतले कित्येक अड्डे राहत्या घरांतच होते, त्यामुळे आगीची आणि विषारी वाफांची झळ तिथल्या लहान मुलांनाही बसे.

त्याच वर्षी ओक्लाहोमा राज्याने या गोळ्या मोकळ्या फळ्यांवरून उचलून फार्मसीच्या काउंटरमागे ठेवायला लावल्या. मार्च 2006 मध्ये संघराज्याचाही कायदा झाला. एका ग्राहकाला दिवसाला 3.6 ग्रॅम आणि 30 दिवसांत 9 ग्रॅमपर्यंतच हे द्रव्य विकत घेता येईल, आणि दुकानदाराने नोंदवही किमान दोन वर्षे जपून ठेवावी, असे त्यात ठरले. प्रौढ माणसाने रोजची 240 मिलिग्रॅमची कमाल मात्रा महिनाभर घेतली, तरी ती सव्वासात ग्रॅमच्या आतच राहते. म्हणजे एकट्या रुग्णाला ही मर्यादा मुळीच जाचक नाही. मात्र घरातल्या तिघा-चौघांसाठी एकच जण औषध आणत असेल, तर गणित बिघडू शकते.

खरी फट वेगळीच होती. प्रत्येक दुकानाची वही स्वतंत्र असल्यामुळे टोळ्या माणसांना दुकानोदुकानी पाठवून थोड्या थोड्या गोळ्या जमवू लागल्या, आणि सुरुवातीला घटलेली अड्ड्यांची संख्या काही वर्षांत पुन्हा चढली. त्यावर उपाय म्हणून अनेक राज्यांनी दुकानांच्या नोंदी संगणकाने जोडल्या, म्हणजे मर्यादा ओलांडणारी विक्री गल्ल्यावरच अडते. ओरेगनने 2006 पासून, तर मिसिसिपीने 2010 पासून थेट डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. 2022 मध्ये दोन्ही राज्यांनी ती सक्ती उठवली.

पुढे देशातले छोटे अड्डे खूपच कमी झाले, हे यश मान्य करायलाच हवे. मेथॅम्फेटामाइन मात्र कमी झाले नाही. मेक्सिकोतील टोळ्यांनी स्यूडोएफेड्रीन न लागणारी पद्धत उचलली आणि तयार माल सीमेपलीकडून येत राहिला. म्हणून हा कायदा घराघरांतले स्फोट टाळणारा म्हणून चांगला आहे. व्यसनाला आळा घालणारा म्हणून त्याचे गोडवे गाणे मला पटत नाही.

या व्यवहारात सर्दीच्या रुग्णाच्या पदरी काय पडले, याची चर्चा फारशी होत नाही. नोंदींची कटकट टाळण्यासाठी कंपन्यांनी फेनिलेफ्रीन या दुसऱ्या द्रव्याच्या गोळ्या पुढे आणल्या. सुडाफेड या स्यूडोएफेड्रीनच्या गोळीच्या जोडीला फेनिलेफ्रीनची सुडाफेड पीई आली, आणि मोकळ्या फळ्यांवर हेच नवे द्रव्य दिसू लागले. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने निर्वाळा दिला, की तोंडावाटे घेतलेले फेनिलेफ्रीन नेहमीच्या मात्रेत नाक मोकळे करण्यास परिणामकारक नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रशासनाने ते अशा औषधांतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. हरकत सुरक्षिततेबद्दल नव्हती, गुण येत नसल्याबद्दल होती. म्हणजे ओळखपत्र दाखवण्याचा त्रास नको म्हणून फळीवरचे पाकीट उचलणारे ग्राहक इतकी वर्षे नाक मोकळे न करणाऱ्या गोळीचे पैसे मोजत होते.